घाट चढल्यावर घालायचे स्वेटर

मी एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काम करतो. माजलगावच्या धरणाखाली जो ऊस पिकतो, त्यातला पुष्कळसा माझ्यासमोर तोलला जातो. गाडी भरलेली तोलायची, रिकामी तोलायची, फरक लिहायचा. ही सवय अंगात मुरते. बाजारातून भाजी आणतानाही पिशवीचं वजन किती असेल ते आपोआप मनात येतं.

या कामात रजेचा एक नियम आहे. पुढचं सगळं त्या नियमाला बांधलेलं आहे, म्हणून तो आधी सांगतो. दिवाळीच्या आगेमागे गव्हाणीत पहिली मोळी पडते आणि गाळप सुरू होतं. ते संपेपर्यंत काट्यावरच्या माणसाला लांबची रजा नाही. घरात लग्न असलं किंवा कुणी गेलं, तर एखादा दिवस मिळतो, तोही जोडीदारानं दोन पाळ्या ओढल्या तर. शेवटची गाडी तोलून झाली की कारखान्याचा भोंगा बराच वेळ वाजतो. लोक म्हणतात, पट्टा पडला. त्यानंतर रजा. त्यामुळे आमची देवदर्शनं, दाढदुखी, मोतीबिंदू, सगळं चैत्र-वैशाखात निघतं.

पट्टा कधी पडणार हे आधी सांगण्यात माझा थोडा हातखंडा होता. नोंदलेल्या उसापैकी किती तोडायचा राहिला, एकरी उतारा काय पडतोय, रोजचं गाळप किती, यावरून तारीख काढायची. त्यात मोडतोडीचे आणि अवकाळी पावसाचे दोन-चार दिवस घालायचे. एखादा दिवस इकडेतिकडे व्हायचा, जास्त नाही. गाडीवान, टोळीचे मुकादम, अगदी शेतकी खात्यातली माणसंही काट्याच्या खिडकीशी येऊन विचारायची, "साहेब, भोंगा कधी?" मी सांगितलेल्या तारखेवर लोकांनी लग्नाचे मुहूर्त धरलेले आहेत.

माझ्या बायकोला बर्फ बघायचा होता.

तिचं माहेर तेलगावजवळ. ती सातवीत असताना तिच्या गावाला मोठी गारपीट झाली. काढणीला आलेला गहू झोपला, मोसंबीच्या झाडांवर फळ राहिलं नाही. लग्नाला बारा-तेरा वर्षं झाल्यावर एकदा ज्वारी निवडता निवडता तिनं मला हे सांगितलं. म्हणाली, "दार उघडलं तर सगळं शिवार पांढरं. आई रडायली, दादा ओट्यावर बसून राहिलेले. आन मी दारात उभी. इतकं चांगलं दिसत होतं हो. पण चांगलं दिसतंय असं म्हणायची सोय नव्हती." मग सुपातले खडे बाजूला काढत म्हणाली, "मला तसलं पांढरं एकदा बघायचंय. ज्यात कुणाचं काही गेलेलं न्हाई."

तिनं माझ्याकडे दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी म्हणालो, पोरगी दहावी झाली की जाऊ. आम्हाला एकच मुलगी.

दहावीच्या वर्षी मी ठरवून टाकलं. त्या हंगामात ऊस कमी होता. पट्टा होळीच्या आधीच पडणार हे मला दिवाळीत दिसत होतं. गावात एक जण हिमाचलच्या सहली काढायचा. त्याच्याकडे एप्रिलची तीन नावं नोंदवली. परभणीहून रेल्वेनं अंबाल्याला, तिथून बसनं वर. तेरा हजार फुटांवरच्या घाटात बर्फ.

बायकोनं त्या थंडीत मोबाइलवर बघून विणकाम शिकायला घेतलं. बीडहून तीन रंगांची लोकर आणली. मी दोन्ही हात समोर धरून लडी ताणून बसायचो आणि ती गुंडा करायची. मुलीचा निळा, माझा राखाडी, तिचा स्वतःचा गर्द लाल. टाके मोजायला ती मला बसवायची, कारण बोलता बोलता तिची मोजणी चुकायची. मुलीचा स्वेटर आधी झाला. डिसेंबरातल्या एका सकाळी शाळेत जाताना मुलीनं तो अंगात घातला, तर आईनं तो काढायला लावला.

"अगं आई, थंडी इथं पण आहे."

"इथं गोधडी हाय. हे तिकडं घालायचे. घाट चढला की."

"आणि नाही गेलो तर?"

"मग न्हाई घालायचे."

हे ती चिडून बोलली नाही. देवाच्या कामाचं नवं वस्त्र आधी कुणी वापरत नाही, तसं तिच्या मनानं धरलं होतं. तिन्ही स्वेटर डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत गेले.

माझा काट्यावरचा जोडीदार थट्टेखोर माणूस. त्याला कळलं तेव्हापासून त्यानं सोडलं नाही. "काय बे, बर्फ बघायला इतक्या लांब कावून चाललास? धरणावर मासळीची गाडी भरत्यात, तिथं उभा राहा. पायाखाली बर्फच बर्फ."

मी म्हणालो, "तिला सांगतो तसं."

"सांग की. वहिनींना वास आवडंल का तेवढं बघ."

पट्टा मी सांगितलेल्या दिवशी पडला. मुलीची दहावीची परीक्षा चालू होती. शेवटचा पेपर भूगोलाचा होता. तो आधी पुढे ढकलला, मग रद्दच झाला. तोवर सगळं बंद झालं होतं.

तेव्हाचे दिवस सगळ्यांनी काढलेत, त्यावर मी काय लिहू. फक्त एवढं की सहलवाला प्रत्येक फोनला तारीख सांगायचा. चौदाला उघडतंय. तीन मेला उघडतंय. सतराला नक्की. मी त्या तारखांना आमच्या गाडीची तारीख जोडून बघायचो आणि ती जुळायची नाही. बाहेरच्या जिल्ह्यांत ऊस तोडायला गेलेल्या आमच्याकडच्या टोळ्या तेव्हा चालत, मिळेल त्या वाहनानं परत येत होत्या. जिल्ह्याच्या हद्दीवर बायाबापड्या लेकरं घेऊन उन्हात बसलेल्या होत्या. मोबाइलवर ते बघायचं आणि मग सहलीचं विचारायला फोन करायचा, याची लाज वाटायला लागली. शेवटी त्यानंच कळवलं की नावं पुढच्या वर्षीच्या फेरीत धरतो. बायको म्हणाली, "बर्फ कुठं पळून चाललाय?" तिनं मुलीचा स्वेटर ट्रंकेतून काढून उसवला. पोरगी वर्षात उंच झाली असती, म्हणून तीच लोकर पुन्हा विणायला घेतली. ताळेबंदीच्या सगळ्या दुपारी, बाहेर त्रेचाळीस डिग्री असताना, आमच्या घरात लोकर होती.

दुसऱ्या वर्षी ऊस बरा होता. पट्टा गुढीपाडव्याच्या आसपास पडेल असं मी काढलं आणि सहल त्यानंतरची धरली. फेब्रुवारीत वाटत होतं, गेलं ते. मार्चमध्ये पुन्हा आकडे चढायला लागले. रोज संध्याकाळी मी जिल्ह्याचा आकडा बघायचो, मागच्या चार दिवसांच्या आकड्यांशी लावून बघायचो. बायको विचारायची, "चढ हाय का उतार?" मी म्हणायचो, "चढ."

मग सहलवाल्याचा फोन आला. तिकडच्या सरकारनं महाराष्ट्रातून येणाऱ्यांना कोरोना नसल्याचा रिपोर्ट सक्तीचा केला होता, तोही बहात्तर तासांच्या आतला. मी त्याच्या दुकानात गेलो आणि समोर बसून मांडून दाखवलं. नमुना दिल्यापासून रिपोर्ट हातात पडायला दोन दिवस, म्हणजे अठ्ठेचाळीस तास. परभणीहून अंबाला छत्तीस. पुढे हद्दीपर्यंत बस आणि खोळंबा मिळून दहा. चौऱ्याण्णव झाले. हद्दीवर पोचायच्या आधी बावीस तास रिपोर्ट शिळा झालेला असणार.

तो हसला. "साहेब, कोण मोजतंय तिथं? तारीख खालीवर करून देतो की. समदे करायलेत."

"न्हाई."

"अहो, रिपोर्ट खरा. फक्त तारीख."

"तारीखच तर विचारतायत ते."

त्यानं खुर्ची मागं सारली. "तुमी काट्यावरच राहा बघा, साहेब. बर्फ तिथंच तोलून घ्या."

दुकानात बसलेल्या दोघांनी दात काढले. पण माणूस कामाचा होता. दोन दिवसांनी त्यानंच मार्ग काढला. दिल्लीला उतरून तिथं तपासणी करायची, एक दिवस थांबायचं, दिवसात मिळणारा तिथला रिपोर्ट घेऊन वर जायचं. बेरीज बहात्तरच्या आत बसत होती. मात्र निघण्याआधी बरोबरच्या सगळ्यांनी इथंही एकदा तपासून घ्यावं, गाडीत एकाचं सगळ्यांना नको, असं त्याचं म्हणणं. ते बरोबरच होतं.

आम्ही तिघं तपासणीला गेलो. रांग फाटकाच्या बाहेर रस्त्यावर गेली होती. पुढची माणसं खोकत होती, मागची माणसं वाद घालत होती. बायकोनं घरून पाण्याची बाटली आणि तिळाचे लाडू आणले होते, जणू प्रवास तिथूनच सुरू झाला होता. मुलगी म्हणाली, "आई, अख्खं नाकात घालतात." ती म्हणाली, "घालू दे. नाकातूनच बर्फ दिसणार असंल तर घालू दे."

माझा आणि मुलीचा रिपोर्ट चांगला आला. बायकोचा तसा आला नाही.

तिला ताप नव्हता, काही नव्हतं. रिपोर्ट आला तेव्हा ती पोळ्या लाटत होती. "मला काय झालंय? मी तर सकाळी धुणं केलं." मी तिला मधल्या खोलीत बसवलं, दाराशी ताट ठेवायला लागलो. आजार कुठून आला हे सांगता येणार नाही. रांगेत आला असेल. कारखान्यात रोज शेकडो माणसं खिडकीशी यायची, माझ्या कपड्यांवरूनही आला असेल. ते मोजता येत नाही.

सहाव्या दिवशी बोटाला लावायच्या यंत्रात आकडा एकोणनव्वद दाखवायला लागला. बीडला खाट मिळाली नाही, म्हणून अंबाजोगाईला नेलं. आत जायला परवानगी नव्हती. मी बाहेर लिंबाच्या झाडाखाली बसायचो. तिथं आमच्यासारखी पुष्कळ माणसं होती आणि सगळ्यांच्या तोंडी तेच आकडे. "तुमचं किती?" असं एकमेकांना विचारायचो. जमिनीच्या भावाबद्दल विचारावं तसं.

तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. तोंडावर मास्क होता, शब्द अर्धे कळत होते. मी म्हणालो, बोलू नकोस, दम लागेल.

"बॅग उघडू नका," ती म्हणाली.

"कोणती?"

"बांधलेली. स्वेटरची. तशीच राहू द्या."

मी बरं म्हणालो. त्याच दुपारी त्याच झाडाखाली सहलवाल्याचा फोन आला. तिकडची हॉटेलं बंद झाली होती, अख्खी फेरी रद्द. त्याला तिच्याबद्दल माहीत नव्हतं. म्हणाला, "साहेब, वाईट वाटून घेऊ नका. कुणाचंच जमलं न्हाई यंदा." मी बरं म्हणालो. त्या दिवशी आजूबाजूच्या चार जणांना आतून बोलावणं आलं. ती चारही माणसं उठून गेली आणि झाडाखाली परत आली नाहीत.

ती घरी आली. कौतुक झालं, ओवाळलं, शेजाऱ्यांनी खीर दिली. बॅग भिंतीशी होती तशी होती. महिन्याभरानं तिनं ती स्वतः उघडली, स्वेटरांना ऊन दाखवलं आणि ट्रंकेत ठेवले.

पण श्वास पहिल्यासारखा झाला नाही. श्रावणात आम्ही कपिलधारला गेलो. दर्शन होतंच, पण तिला बघायचं होतं की चढ जमतो का. ते तिनं बोलून दाखवलं नाही. पायऱ्या फार नाहीत तिथं. ती मध्येच टेकली. धबधब्याचा आवाज ऐकू येत होता, पाणी दिसत नव्हतं. मी खिशातून यंत्र काढून तिच्या बोटाला लावलं. शहाऐंशी. तिनं विचारलं, "किती?" मी म्हणालो, "ब्याण्णव." तिनं यंत्र माझ्या हातातून घेऊन स्वतः बघितलं आणि परत दिलं. येणाऱ्या-जाणाऱ्या बाया तिला बघून, "बसा, बसा, माय, घाई कशाची," म्हणत वर चढत होत्या.

दिवाळीनंतर औरंगाबादच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी तिला पॅसेजमधून सहा मिनिटं चालवलं आणि फोटो भिंतीवरच्या दिव्याला लावून दाखवले. फुप्फुसांवर व्रण राहिले होते. औषधं लिहून झाल्यावर तिनं विचारलं, "डॉक्टर, बर्फात गेलं तर चालतंय का?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "तेरा हजार फूट."

"तेरा हजार मुळीच नाही."

"दहा?" ती म्हणाली. ती भाजीवालीशी बोलावं तशी बोलली आणि डॉक्टर हसले. नंतर गंभीर झाले. "तासाभरासाठी, गाडीनं, बरोबर लहान सिलिंडर घेऊन. आणि जायचं असेल तर या उन्हाळ्यात जाऊन या. पुढच्या वर्षीचं मी आत्ता सांगू शकत नाही."

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. गेवराई आली. मग म्हणाली, "भोंगा कधी, यंदा?"

मी सहलवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, नवा बोगदा झालाय, त्याच्या पलीकडे दहा हजार फुटांवर एप्रिलच्या शेवटापर्यंत रस्त्याकडेला बर्फ असतो. गाडीतून उतरलं की पायाखाली. मी नोंदी घेऊन बसलो. त्या वर्षी पाणी भरपूर होतं, ऊस जास्त होता, म्हणून मी नेहमीपेक्षा सावधपणे काढलं. एप्रिलचा दुसरा आठवडा. त्यावर आठ दिवस मोकळे सोडले. सिलिंडर ठरवला. मुलीची बारावीची परीक्षा तोवर संपत होती. मार्चअखेर सरकारनं सगळे निर्बंध उठवले, मास्कसुद्धा. रिपोर्ट नको, पास नको. दोन वर्षांत पहिल्यांदा कुठलीच तारीख आमच्या आड येत नव्हती.

आड आला तो ऊस. दोन वर्षं पुण्या-मुंबईहून परत आलेली पोरं घरी होती, धरण भरलेलं होतं, आणि ज्याच्या विहिरीला पाणी त्यानं ऊस लावला होता. कुणी नोंद केली, कुणी केली नाही. माझा सगळा हिशेब नोंदीवर. एप्रिल उजाडला तरी काट्यासमोरची रांग कमी होईना. मी रोज उरलेला ऊस काढायचो, आणि दुसऱ्या दिवशी तो आदल्या दिवसापेक्षा जास्त निघायचा. गाडीवान खिडकीशी येऊन विचारायचे, "साहेब, भोंगा कधी?" मी म्हणायचो, "बघू." काट्यावर आल्यापासून पहिल्यांदा मी बघू म्हणालो.

मी साहेबांकडे रजेचा अर्ज घेऊन गेलो. साहेब शेतकी अधिकारी, माझ्यापेक्षा वयानं लहान, स्वभावानं वाईट नाहीत. त्यांनी अर्ज वाचला आणि खिडकीबाहेर हात केला. "बघितलंत ना? उसाला तुरे फुटून तो वाळायलाय. पलीकडच्या गावात एकानं उभ्या उसाला काडी लावली. काट्यावर दोन माणसं. एक तुम्ही. सांगा, काय करू?"

"घरात आजारपण आहे," मी म्हणालो.

"दवाखान्याचा कागद आणा, आत्ता सोडतो."

कागद आणता आला असता. डॉक्टरांकडून लिहून घेता आलं असतं. पण कागदावर 'बर्फ बघण्यासाठी' असं कुणी लिहून देत नाही. दुसरं काही लिहिलेलं मला चाललं नसतं, आणि बाहेर रांगेत उभी असलेली माणसं माझ्या ओळखीची होती. त्यातला एक बायकोचा चुलतभाऊ होता. त्याचा ऊस पंधरा दिवस रानात तोडून पडला होता.

मी तिला म्हणालो, तू आणि पोरगी जा. मुलगीही म्हणाली, "मी नेते आईला. सिलिंडर लावायला शिकलेय." ती म्हणाली, "आन वर मला काय झालं तर? पोरीनं एकटीनं काय करायचं तिथं, अनोळखी मुलखात?" तिचं बरोबर होतं. आम्ही तारीख दोनदा पुढे ढकलली. तिसऱ्यांदा सहलवाला म्हणाला, "साहेब, आता ढकलून उपेग न्हाई. वितळायलाय बर्फ. मेमध्ये तिथं चिखल असतोय."

जूनमध्ये पट्टा पडला. पाऊस सुरू झाला होता. भोंगा वाजला तेव्हा जोडीदारानं हार घातलेल्या शेवटच्या ट्रॉलीसमोर नारळ फोडला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. थट्टा केली नाही. घरी गेलो. ती भोंगा ऐकून दारात उभी होती. "आज व्हय," एवढंच म्हणाली आणि चहा ठेवायला वळली.

मुलगी शिकायला लातूरला गेली. हिवाळ्यात बायकोला न्यूमोनिया झाला, पुन्हा दवाखाना. त्यानंतर घरी ऑक्सिजनचं मशीन आलं. विजेवर चालतं, सारखं घुरघुरतं. नळीची लांबी सात मीटर आहे. तेवढ्यात स्वयंपाकघर येतं, अंगण येत नाही. औरंगाबादच्या डॉक्टरांना मी बाहेर येऊन एकट्यानं विचारलं. ते म्हणाले, "महाबळेश्वरला जायचं झालं तरी आधी मला विचारा." तिला मी हे सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही.

त्या हंगामात ऊस कमी होता. कारखाना लवकर बंद होणार, हे पोरंसोरंही सांगू शकली असती. मार्चच्या मध्याला भोंगा वाजला आणि माझ्याकडे रजाच रजा झाली. दोन दिवसांनी सहलवाल्याचा फोन. "साहेब, यंदा काय सुदिक लागत न्हाई बगा. ना रिपोर्ट, ना पास. नुसतं आधार कार्ड. टाकू का तीन नावं?" फोनचा आवाज मोठा होता. ती पलंगावर बसून लसूण सोलत होती. मी म्हणालो, "कळवतो." तिनं हातातली पाकळी सोलून वाटीत टाकली आणि दुसरी घेतली.

त्याच आठवड्यात एका दुपारी आभाळ भरून आलं. मुलगी सुट्टीला घरी होती. वारा सुटला, वीज गेली, मशीन बंद पडलं, मी सिलिंडर जोडला. मग पत्र्यावर दगड पडल्यासारखा आवाज सुरू झाला. गारा. बोराएवढ्या, मग त्याहून मोठ्या. दहा मिनिटांत अंगण पांढरं झालं, समोरचा रस्ता पांढरा, पलीकडचं रान पांढरं. मुलगी दारात उभी राहून ओरडली, "आई, बघ! आई, लवकर ये!"

ती पलंगावरून उठली नाही. दारातून दिसत होतं तेवढं तिनं बघितलं. थोडाच वेळ.

"दार लाव," ती मुलीला म्हणाली. "कुणाचा तरी गहू उभा असंल अजून."

मुलीनं दार लावलं. घरात गारठा पसरला होता. बायकोला खोकल्याची उबळ आली आणि मी पाणी दिलं. ती दोन्ही हात काखेत घालून बसली. मग मला म्हणाली, "ट्रंकेतला माझा स्वेटर काढा."

मुलीनं माझ्याकडे बघितलं. मी ट्रंक उघडली. वर निळा होता, मुलीचा, दुसऱ्यांदा विणलेला. खाली राखाडी. सगळ्यांत खाली लाल. घडी अजून पक्की होती, डांबराच्या गोळ्यांचा वास होता. मी तो तिच्या डोक्यातून घातला आणि नाकातली नळी जपून गळ्याबाहेर काढली. स्वेटरचे खांदे तिच्या दंडावर उतरले. बाह्या बोटांपर्यंत आल्या. तिनं त्या दुमडल्या, एक घडी, दुसरी घडी.

"सैल झाला," मुलगी म्हणाली. "मी उसवून परत विणून देऊ?"

"ऱ्हाऊ दे. ऊब लागती."

गारा थांबल्या. पत्र्यावरून पाणी गळायला लागलं, रस्त्यावर लोकांचे आवाज यायला लागले, कुणाच्या रानात काय झालं ते एकमेकांना सांगणारे. वीज यायला संध्याकाळ झाली. मशीन पुन्हा घुरघुरायला लागल्यावर तिनं स्वेटर काढला. मी घडी घालायला हात पुढे केला. तिनं तो माझ्याकडे दिला नाही. भिंतीवरच्या खुंटीला, माझ्या कारखान्याच्या शर्टाशेजारी अडकवून ठेवला. रोज सकाळी लागतो आता.